दोन मनगटं

व्यायाम शिकवणाऱ्या बाईला लोक दोनच प्रश्न विचारतात. पोट कधी कमी होईल, आणि आंबा खाल्ला तर चालेल का. या दोन प्रश्नांवर माझं निम्मं आयुष्य गेलं. आधी भिलाईतल्या एका शाळेत मी पी.टी.ची बाई होते, तिथं मुलं निदान आंब्याचं विचारत नसत. निवृत्त झाल्यावर भिलाईतल्याच मरोद्याच्या मैदानावर मोठ्यांचा सकाळचा वर्ग सुरू केला, तेव्हा कळलं की मोठ्या माणसांना ओळीत उभं करणं मुलांपेक्षा कितीतरी कठीण. मुलं शिट्टीला घाबरतात. मोठी माणसं शिट्टी ऐकून म्हणतात, "मॅडम, बस दो मिनिट, एक फोन करून घेतो."

बाहेरच्यांना वाटतं, आम्ही हातपाय हलवायला शिकवतो. हातपाय कोणालाही हलवता येतात. आमची अक्कल लागते ती माणसाला थांबवायला. कोण थकल्याचं सोंग करतोय आणि कोण थकवा लपवतोय, हे ओळखता आलं पाहिजे. सोंग करणाऱ्याची मला कधी भीती वाटली नाही. लपवणाऱ्यानं मात्र माझी झोप उडवली आहे, आणि पोलादाच्या प्लांटच्या गावात लपवणारेच जास्त.

माझी एक जुनी पद्धत आहे. वर्ग जोरात चालला असताना मी एखाद्याला गाठते आणि त्याच्यासोबत चालत विचारते, "काल रात्री काय खाल्लं?" तो एका दमात म्हणाला, "भात, वरण, वांग्याची भाजी आणि थोडं लोणचं," तर माणूस आपल्या बेतात आहे. भात आणि वरण यांच्यामध्ये श्वास घ्यावा लागला तर जरा जास्त होतंय. नुसतं "भात" म्हणून हात हलवला तर ताबडतोब थांबवायचं. आणि भाजीत तिखट कोणी जास्त टाकलं हेही सांगायला लागला, तर तो व्यायाम करत नसून वरात चालली आहे असं समजायचं. या पद्धतीमुळे मरोद्यातल्या कितीतरी घरांचा स्वयंपाक मला माहीत आहे. कोणाकडे सून आल्यापासून चव सुधारली तेही माहीत आहे, पण ते इथं लिहिणार नाही, मला अजून त्याच मैदानावर जायचं आहे.

मग मनगटावरच्या घड्या आल्या. आमच्याकडे घड्याळाला घडीच म्हणतात. या घडीच्या पोटात हिरवा दिवा असतो, तो कातडीतून रक्ताची ये-जा बघतो आणि नाडीचा आकडा दाखवतो. वयाप्रमाणे नाडीची एक वरची हद्द धरतात, दोनशे वीसमधून वय वजा करून. हिशेब ढोबळ आहे, पण सुरुवातीला पुरतो. त्या हद्दीच्या बऱ्याच खाली राहून केलेला व्यायाम हलका, हद्दीला टेकलेला तो भारी. इतकंच शास्त्र आहे, बाकीची सजावट.

मला या घड्या आवडल्या नव्हत्या. वर्गात माझ्या तोंडाकडे बघायचं सोडून लोक मनगटाकडे बघायला लागले. भिलाईत तर विचारूच नका. ज्यांची उभी हयात भट्टीचं तापमान आणि गॅसचा दाब वाचण्यात गेली, त्यांना आपल्या छातीलाही मीटर बसलं याचा कोण आनंद. एक रिटायर्ड फोरमन काका तर भेटल्यावर नमस्काराच्या आधी आकडा सांगायचे.

माझं मत बदललं ते सिविक सेंटरच्या बाजारातल्या एका बँकेत काम करणाऱ्या मुलीमुळे. ही रोज पळायची, रोज दमायची, दुपारी काउंटरवर पेंगायची आणि वजन तिथंच. मी तिची घडी बघितली. ती ज्याला हलकं पळणं म्हणत होती, ते सगळं हद्दीला टेकलेलं होतं. म्हणजे बिचारी रोज परीक्षाच देत होती, अभ्यास कधी करतच नव्हती. मी तिला नुसतं चालायला लावलं. ती रडकुंडीला आली. "मॅडम, मेरे से आगे तो आंटी लोग निकल रहे हैं," असं म्हणत रोज माझ्याशी भांडायची. मी म्हटलं, निघू दे, आंट्यांनाही जन्मात कधीतरी पुढं जाऊ दे. काही महिन्यांनी तीच मुलगी त्याच आकड्यावर आरामात पळायला लागली आणि पळता पळता मला आदल्या रात्रीची कढी कशी फाटली ते सांगायला लागली.

तेव्हा मी हार मानली आणि सगळा वर्गच नव्यानं बांधला. एका शिट्टीवर सगळ्यांनी उड्या मारायच्या, हा माझा शाळेपासूनचा धर्म मोडला. बहुतेक दिवस हलकं, मधूनच एखादा दिवस भारी, आणि ज्याचं त्याचं माप ज्याच्या त्याच्या मनगटावर. काम सोपं झालं, खरं सांगते, मजा आली. लोक कमी कण्हायला लागले, गुडघ्यांच्या तक्रारी घटल्या. मीही "काल काय खाल्लं" जरा कमीच विचारायला लागले. आकडा समोर असताना कशाला कोणाच्या चुलीत डोकवायचं.

अशा दिवसांत देवराव कापगते आणि त्यांची बायको कौसल्याबाई माझ्या वर्गात आले.

कापगते मूळचे भंडाऱ्याकडचे. वडील धानाची शेती भावावर सोडून प्लांटमध्ये आले, त्यांच्यामागून हे. कापगते वरच्या क्रेनवर होते. वितळलेल्या पोलादानं भरलेलं अवजड भांडं, त्याला तिथं लॅडल म्हणतात, ते छताजवळच्या केबिनमध्ये बसून उचलायचं, शेडच्या या टोकाहून त्या टोकाला न्यायचं आणि नेमक्या जागी टेकवायचं. खाली माणसं आपापलं काम करत असतात. माणूस बुटका, काटक, बोलणं कमी आणि छाती थोडी पुढं. कौसल्याबाई त्यांच्या उलट. भरल्या अंगाची, मोकळी, स्वतःवरच हसणारी बाई. पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीनं दोघांना सारख्याच दोन घड्या पाठवल्या होत्या.

नवीन माणसाला मी पहिल्याच दिवशी विचारते, गोळ्या कोणत्या चालू आहेत. कापगते म्हणाले, "काईच नाई. प्लांटच्या मेडिकलमध्ये दर वेळी पास हावो आमी."

कौसल्याबाई म्हणाल्या, "मले हाये एक. धडधड होते अन् बीपी वाढते म्हणून डॉक्टरनं देल्ली."

नाव विचारलं, तर हृदयाचे ठोके आवरून धरणारी ती गोळी. ही गोळी खाणाऱ्याची नाडी कितीही पळवलं तरी फारशी वर जात नाही. माझ्या वर्गात अशी तीन-चार माणसं होती आणि त्यांना मी घडीकडे बघूच देत नसे, कारण आकडा खाली दिसतो म्हणून माणूस जोर वाढवतो आणि हृदयाची मात्र दमछाक होत असते. मी कौसल्याबाईंना तसंच सांगितलं. तुम्ही घडी बघू नका, दम लागला की थांबा.

"हाव," त्या म्हणाल्या, "माझी घडी शोभेची."

आठवड्याभरातच सगळं उलटंपालटं दिसायला लागलं. जिची नाडी वर जायला नको, त्या कौसल्याबाई नुसत्या मैदानात येऊन उभ्या राहिल्या तरी आकडा शंभराच्या वर. चार पावलं चालल्या की एकशे तीस. आणि कापगते मैदानाच्या कडेला असलेल्या स्टेजच्या पायऱ्या चढ-उतर करून घामाघूम व्हायचे, तरी आकडा शंभराच्या आसपास रेंगाळायचा. त्यांच्या वयाचे बाकीचे लोक त्याच पायऱ्यांवर एकशे चाळीसला टेकायचे.

वर्गानं त्याचा सोयीचा अर्थ लावला. कापगत्यांचं इंजिन पोलादी. फोरमन काकांनी तर सगळ्यांसमोर त्यांची पाठ थोपटली. कापगते लाजून हसले, पण त्या दिवसापासून पायऱ्या जास्त चढायला लागले. कौसल्याबाईंना मी बोलले, चांगलंच बोलले. चहा कमी करा, बसणं कमी करा, गोळी चुकवत असाल तर चुकवू नका.

"नाई बाप्पा, रोज खाते."

"मग अशी कशी धडधड?"

"तुमी ओरडून राहिल्या म्हणून," असं म्हणून त्या हसल्या, आणि मीही हसले. पण घरी परतताना स्कूटीवर माझं मन काही लागेना.

त्यात त्या घडीनं आणखी एक उपद्व्याप केला. फोनमध्ये ती कापगत्यांना रोज सांगायची, की तुमची नाडी आज ठरलेल्या पातळीला पोचली नाही, टारगेट अधुरं. प्लांटच्या माणसाला टारगेट अधुरं म्हणायचं म्हणजे त्याच्या बापजाद्यांना नाव ठेवण्यासारखं. शिवाय त्यांचं मेडिकल जवळ आलं होतं. क्रेनवाल्यांची ठराविक काळानं तपासणी होते, डोळे, कान, बीपी, सगळं. ते म्हणायचे, "मेडिकलच्या पहिले शरीर टाइट करून टाकतो."

मी म्हटलं, "कापगते, व्यायाम कमी करा. तुमचं तोंड मला बरं दिसत नाही."

"तोंड कावून पाहता मॅडम, घडी पाहा."

घडी पाहायला मीच तर शिकवलं होतं सगळ्यांना.

एकदा पायऱ्या उतरताना त्यांनी कठडा धरला. क्षणभरच. आयुष्यभर उंचावर बसलेल्या माणसानं तीन फुटांच्या स्टेजवरून उतरताना कठडा धरावा, हे मला खटकलं. दुसऱ्या दिवशी वाकून बूट बांधला आणि उठताना डोळे मिटून उभे राहिले. मी विचारलं, तर म्हणाले, धूळ गेली.

ती सकाळ थंडीची होती. लोक कानटोप्या घालून आले होते. कापगत्यांची त्या आठवड्यात सेकंड शिफ्ट होती, म्हणजे सकाळ मोकळी आणि दुपारी ड्यूटी. ते पायऱ्यांवर होते, कौसल्याबाई शाल घेऊन स्टेजच्या कडेला बसल्या होत्या. आज पाय दुखतात म्हणून मी त्यांना बसूच दिलं होतं. मी कापगत्यांजवळून गेले आणि मला त्यांच्या कपाळावरचा घाम दिसला. थंडीत घाम येतो, त्यात काही नाही. पण व्यायामाच्या घामानं तोंड लाल होतं. यांचं राखेसारखं झालं होतं.

"काल रात्री काय खाल्लं?" मी विचारलं.

"भा..." ते म्हणाले आणि हात हलवला.

"थांबा."

"घडी... पाहा ना मॅडम. एकशे चारच त हाये."

मी त्यांचा दंड धरला आणि ओढत आणून बायकोशेजारी बसवलं. शाळेत असताना मारामारी सोडवायला पोरांचा जसा धरायचे तसा. मला वाटलं, घडीच बिघडली असणार. माझ्या बोटांवर माझा अजून विश्वास होता. मी खाली गुडघ्यांवर बसले, उजव्या हातानं त्यांचं मनगट धरलं, आणि का कोण जाणे, डाव्या हातानं कौसल्याबाईंचं.

उजव्या बोटांखाली कापगत्यांची नाडी दमाच्या मानानं फारच संथ चालली होती. पायऱ्यांवरून नुकत्या उतरलेल्या, धापा टाकणाऱ्या माणसाची नाडी अशी नसते. आणि डाव्या बोटांखाली, सकाळपासून बसून असलेल्या बाईची नाडी भरधाव पळत होती. मध्येच एखादा ठोका गाळायची आणि पुन्हा पळायची. घड्या अगदी बरोबर होत्या. दोघांचे आकडे एकमेकांकडे गेले होते, इतकंच.

"कौसल्याबाई," मी हळू विचारलं, "तुमची गोळी कोण खातं?"

त्या माझ्याकडे बघेनात. नवऱ्याकडे बघायला लागल्या. कापगत्यांनी हात सोडवून घेतला.

"पहिले दोघं बी खायचो," शेवटी ते म्हणाले. "अर्धी तिची, अर्धी माझी. आता मेडिकल हाये न, म्हणून काही दिवस पूर्ण मी खातो."

हळूहळू सगळं बाहेर आलं. घरी बीपी मोजायचं मशीन होतं, त्यात त्यांचाच आकडा चढलेला निघाला. प्लांटच्या डॉक्टरकडे जावं तर नोंद होणार. सिविक सेंटरच्या दुकानातून गुपचूप घ्यावी तर दुकानदाराचा मेव्हणा प्लांटमध्ये त्यांच्याच विभागात. बायकोची गोळी घरात येतच होती, तिला लागू पडली होती. घरात एखादी गोळी आली की ती सगळ्यांचीच, डोकं दुखो की पोट, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. तसंच हेही चाललं.

बीपी दोघांना, गोळी एक. कौसल्याबाईंची गोळी एकदम बंद झाली होती, आणि ही गोळी एकदम बंद केली की आवरून धरलेलं हृदय उधळतं, हे मला पूर्वी एका डॉक्टरांनी चांगलं बजावलं होतं. तिची तिला परत द्या, असंही मी म्हणू शकत नव्हते. कारण मग त्यांची एकदम बंद होणार, आणि त्यांच्या छातीत काय चाललंय ते देवाला ठाऊक. मी पी.टी.ची बाई. माझ्या हातात फक्त शिट्टी होती.

"आत्ताच्या आत्ता दोघंही दवाखान्यात चला," मी म्हटलं. "आणि कापगते, आज दुपारी तुम्ही वर चढायचं नाही."

"तुमी कोण सांगणाऱ्या?" ते एकदम उठले. एवढा शांत माणूस, पण आवाज चढला होता. "मेडिकल होऊन जाऊ द्या, मंग तुमी म्हणान तिथं येतो. आता गेलो त मले खाली उतरवतीन. जमिनीवर. दुसऱ्याच्या क्रेनले झेंडी दाखवाले. तुमाले मालूम हाये, मी लॅडल ठेवतो तवा खालचे पोरं वर पाहत बी नाई? इतका भरवसा हाये माझ्यावर."

"त्याच पोरांसाठी म्हणते मी. वर चक्कर आली तर?"

त्यांची नजर स्टेजच्या कठड्याकडे गेली. म्हणजे आली होती. मला इतका राग आला की त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी त्या माणसाची दयाही आली. मी वळून कौसल्याबाईंना म्हटलं, तुम्ही तरी सांगा यांना.

त्यांनी माझाच हात धरला. "मॅडम, तुमी कोणाले सांगू नोका. मले काई होत नाई. यायले क्रेनवरून उतरवलं त हे जगत नाई, मले मालूम हाये. सुट्टीच्या दिवशी घरात कसे फिरते ते मी पाहते न. थोडेच दिवस राहिले, मी निभावून नेईन."

"आणि तुमचं काही झालं तर?"

"मले काय होते," असं म्हणून त्या उठल्या. "चाला, डबा लावाचा हाये यायचा."

दोन पावलं टाकली असतील. तिसरं टाकताना त्या शालीसकट खाली बसल्या. बसल्या म्हणायचं, खरं तर कोसळल्याच. डोळे उघडे होते, पण तोंडातून शब्द निघेना. फोरमन काका धावत रस्त्यावर गेले आणि ऑटो घेऊन आले.

ऑटोत मी एका बाजूला, कापगते दुसऱ्या बाजूला, मध्ये त्या. कापगते सारखं विचारत होते, "कौसल्या, आयकून राहिली न?" त्या मान हलवायच्या. मी नाडी सोडली नाही. रस्ताभर मला एकच वाटत होतं, की हा माणूस तिथं जाऊन काय बोलणार.

प्लांटच्या दवाखान्यात त्यांना लगेच आत घेतलं. डॉक्टर तरुण होता, हिंदी बोलणारा. त्यानं छातीला तारा लावल्या, कागदावर उमटलेल्या रेषा बघितल्या, आणि संगणकावर कौसल्याबाईंचं नाव काढलं. त्यात ती गोळी लिहिलेली होतीच. बायकोची नोंद नवऱ्याच्या नोकरीवरच असते, म्हणून पडद्यावर वर कापगत्यांचं नाव होतं. ते त्या नावाकडे बघत उभे होते.

"अम्मा, ये गोली रोज़ ले रही हैं?" डॉक्टरनं विचारलं.

कौसल्याबाईंना आता थोडं बोलता येत होतं. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. सरळ डॉक्टरकडे बघून म्हणाल्या, "हाँ साहब. रोज़. एक दिन भी नागा नहीं."

डॉक्टरच्या कपाळावर आठी पडली. गोळी पोटात असूनही इतकी धडधड, म्हणजे दुखणं वेगळं असणार, असं काहीसं तो सिस्टरला म्हणाला आणि एका इंजेक्शनचं नाव सांगितलं. त्याची काही चूक नव्हती. समोरचा माणूस सांगेल त्यावरच तो चालणार. सिस्टर ट्रेकडे वळली.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. पण ते मी बोलले असते, तर चुगली झाली असती. ते त्या माणसानं बोलायला हवं होतं. मी ठरवलं, सिस्टरनं सुई भरेपर्यंत थांबायचं, त्यापुढं एक क्षणही नाही. तिनं बाटली उचलली. टोपण काढलं. मी पाऊल पुढं टाकलं.

"सर, झूठ बोल रही है ये," कापगते म्हणाले. "इसकी गोली मैं खाता हूँ."

डॉक्टरनं हात वर करून सिस्टरला थांबवलं. "आप? कब से?"

"बहुत दिन से. इसको एकदम बंद है."

डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिला. राखेसारखं तोंड, गार घाम, सगळं त्यानं एका नजरेत बघितलं असावं. मग विचारलं, "आप काम क्या करते हैं?"

इथं ते काहीही सांगू शकत होते. ऑफिसमध्ये आहे, स्टोअरमध्ये आहे. त्या डॉक्टरला काय कळणार होतं. कापगते ताठ उभे राहिले, छाती थोडी पुढं काढून, आणि म्हणाले, "क्रेन चलाता हूँ. लॅडल वाली."

कौसल्याबाईंनी तोंडावर चादर ओढून घेतली. आतून रडण्याचा आवाज येत होता. "कावून सांगतलं," त्या म्हणत होत्या, "कावून सांगतलं तुमी." आपला जीव धोक्यात होता याचं त्यांना काही नव्हतं. सिस्टरनं चादर बाजूला केली, तर त्यांनी ती पुन्हा ओढून घेतली.

दोघांनाही ठेवून घेतलं, शेजारशेजारच्या वॉर्डांत. कौसल्याबाईंची नाडी औषधानं आणि धीरानं ताळ्यावर आली. कापगत्यांच्या तपासण्यांत जे निघालं, ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. पायऱ्या अशाच चढत राहिले असते तर काय झालं असतं, हे डॉक्टरनं मला सांगितलं आणि मी ते मनातच ठेवलं आहे. आणखी एक गोष्ट तो सहज बोलून गेला, ती मात्र मला अजून छळते. वेळेवर आले असते, नीट औषध सुरू झालं असतं, तर कदाचित क्रेन सोडायची वेळच आली नसती. बीपी असलेले कितीतरी लोक व्यवस्थित कामं करतात. क्रेन जाऊ नये म्हणून लपवलं, आणि लपवल्यानंच क्रेन गेली. कापगत्यांना जमिनीवर काम मिळालं, दिवसपाळीचं.

माझ्या वर्गात त्यानंतर थोडा फरक पडला आहे. घड्या आहेत, आकडेही बघते, पण आता आकडा आणि तोंड यांचं पटलं नाही तर मी तोंडाचं ऐकते. आणि नवीन माणसाला गोळी कोणती चालू आहे असं विचारत नाही. तुमच्या घरात कोणकोणत्या गोळ्या येतात आणि त्या कोणाच्या पोटात जातात, असं विचारते. नवरा-बायको असतील तर वेगवेगळं नेऊन विचारते. लोकांना वाटतं, बाई पोलिसात होती की काय. वाटू दे.

बऱ्याच दिवसांनी एका सकाळी कापगते मैदानावर आले. एकटेच. डॉक्टरनं सपाटीवर हळू चालायची परवानगी दिली होती. एक फेरी झाली आणि ते स्टेजच्या कडेला बसले. मी जाऊन शेजारी बसले. मनगटावर घडी नव्हती.

"कौसल्याबाई कशा आहेत?"

"बरी हाये. घरातलं सारं करते." मग म्हणाले, "पण माझ्यासंग बोलत नाई. दवाखान्यातून आली तवापासून. मी तिथं कावून सांगतलं, म्हणून राग हाये तिले."

"अजून?"

"अजून. पोरीनं फोनवर समजावलं, तरी नाई." ते मैदानाकडे बघत होते. "पण सकाळी गोळीचा टाइम झाला न मॅडम, की माझ्यासमोर येऊन उभी राहते. गोळी तोंडात टाकते, पाणी पिते, अन् मले तोंड उघडून दाखवते. जीभ वर करून दाखवते. एक शब्द बोलत नाई. मंग तिथंच उभी राहते."

"आणि तुम्ही?"

"मी काय करू," कापगते म्हणाले. "मी माझी खातो, अन् मी बी उघडून दाखवतो. तवाच हलते तिथून."